कारध्याच्या डोहातले निळे जाळे

मी एक जुने जाळे आहे, नायलॉनचे, निळ्या रंगाचे. मित्रांनो, माझी कीव करू नका. मीही कधी कुणाची केली नाही.

पंचाहत्तर सालच्या सुमारास कारध्याच्या तेजराम ढिवराने भंडाऱ्याच्या बाजारातून धागा आणला आणि गाठ गाठ मारून मला विणले. सुताची जाळी कुजायची, मी कुजत नव्हते. वैनगंगेच्या डोहातून मी मरळ मासे भरभरून आणायचे. तेजरामची बायको मनकर्णाबाई मला वाळत घालताना माझ्यावरून हात फिरवायची. ते दिवस सुखाचे होते.

पुढे फाटून माझी चाळण झाली. जुने जाळे नदीला वाहायचे, ही त्या घरची रीत. तेजरामने मला हळदकुंकू लावले.

“अजी, हे का सुताचं हाये? हे सडनार नाही,” मनकर्णाबाई म्हणाली.

“वैनगंगा माय सबन खाते. तू काहून भेतेस?”

त्याने मला डोहात सोडले. मायने मला तोंडसुद्धा लावले नाही. मी तळाच्या खडकाला अडकले आणि माझे काम करत राहिले. मासे काढून घ्यायला आता कुणी येत नव्हते, एवढाच फरक. पिल्लांची राखण करणारी एक मरळ माझ्यात अडकली. ती तडफडत होती, पिल्ले तिच्याभोवतीच घोटाळत होती, आणि दुसऱ्या माशांनी ती एकेक करून गिळली. मी सुटले नाही. तेजरामच्या गाठी पक्क्या होत्या.

डोह ओस पडला. तेजराम रिकाम्या हाताने घरी येऊ लागला. एका उन्हाळ्यात पाणी उतरले तेव्हा त्याने बुडी मारली आणि माशांच्या काट्यांनी भरलेले मी त्याच्या हाती लागले.

“ह्या तं माह्याच गाठी!” म्हणत तो काठावर ढसाढसा रडला.

दोर लावून त्याने मला ओढले. अर्धे मी वर आले आणि त्याच्या कुडावर लटकले. उरलेले तुटून काठच्या खडकावर राहिले, उन्हाने तडकले, त्याचा भुगा झाला, आणि पुराबरोबर तो गोदावरीतून समुद्रात गेला. तिथले मासे त्याला चारा समजतात. पोट भरते आणि ते उपाशी मरतात.

थोडा भुगा डोहातच राहिला. परवा मनकर्णाबाईने विळीवर मासा चिरला. आतड्यात निळे तंतू निघाले.

“पाहा अजी,” ती म्हणाली, “माय काईच खात नाही. तिची लेकरं खातेत.”



मित्रांनो, नदीला काही वाहायचेच असेल तर तिला पचेल तेच वाहा. मनकर्णाबाईने तंतू काढून मासा चुलीवर चढवला, कारण घरात दुसरे काहीच नव्हते. मासा धुतलेले पाणी, त्या तंतूंसकट, तिने रोजच्यासारखे दारात ओतले. दारातला ओघळ नदीकडेच जातो.