डबीवरचा कागद

माणिकरावांनी कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पट्टी नर्मदाबाईंच्या हातात दिली आणि लगेच परत काढून घेतली. औषधाच्या दुकानात तीस वर्षं उभा असलेला माणूस. गिऱ्हाईक पायरी कसं चढतं, यावरून अर्धं दुखणं ओळखायचा. बाई तर सुनेच्या, कोमलच्या खांद्यावर सगळा भार टाकून चढल्या होत्या.

"मांड्या कधीपासून दुखून राहिल्या?"

"ही गोळी लागली तवापासून. पंधरा दिस झाले."

"लघवी काळपट?"

बाईंनी मान हलवली.

"आणखी कोणती गोळी चालू हाय?"

"बीपीची."

साफ खोटं! सेनगावच्या डॉक्टरांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. नवरा जाताना जो आजार देऊन गेला, त्याच्या गोळ्या त्या नऊ वर्षं हिंगोलीहून आणायच्या आणि घरी आल्याबरोबर डबीवरचा कागद सोलून चुलीत घालायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. साखरा गावात कुणाला पत्ता नव्हता, सुनेला तर मुळीच नाही. आणि आता ती सून शेजारीच उभी. बोलावं तर अब्रू जाते, न बोलावं तर पाय जातात. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"काका," कोमल हळूच म्हणाली, "आत्याबाईंना एचआयव्हीच्या गोळ्या चालू हायत. त्यात रिटोनावीर हाय."

माणिकरावांनी पट्टी मागं ठेवून दिली.

"तरीच! त्या गोळीमुळं ही कोलेस्टेरॉलची अंगातून जातच न्हाई, साचत राहते. मग मांस झिजतं, किडनीवर येतं. ही आजपासून बंद. एचआयव्हीची मात्र एकबी चुकवू नका. अन् आत्ताच्या आत्ता हिंगोली गाठा."

हिंगोलीत पाच दिवस सलाईन लागलं. आणखी आठवडाभर ती गोळी पोटात जाती तर किडनी हातची गेली असती, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी एचआयव्हीच्या गोळ्यांसोबत चालेल अशी दुसरी गोळी लिहून दिली. माणिकरावांच्या नावानं बाईंनी खाटेवरूनच दहादा हात जोडले. सुनेकडं बघायचं मात्र धाडस होईना.

सुटी झाल्यावर दोघी स्टँडवर सेनगावच्या गाडीची वाट बघत बसल्या.

"तुला कसं कळलं गं?"

"एक कागद अर्धाच जळला होता. राख काढताना सापडला. मोबाइलवर पाहिलं."

"कधी?"

"रुद्र पोटात होता तवा."

बाईंना नातवाच्या उष्टावणाचा दिवस आठवला. रुद्रच्या उष्टावणाला पहिला घास मामानं भरवायचा म्हणून कोमलचा भाऊ खिरीची वाटी घेऊन बसला होता. आणि ही पोरगी भरल्या घरात हट्टाला पेटली, घास आत्याबाईच भरवतील म्हणून. बाई मागं सरत होत्या, तर हिनं लेकरू उचलून त्यांच्याच मांडीवर ठेवलं.

"ठाऊक असताना?"

"ठाऊक होतं म्हणूनच. तुमी आमच्या ताटाला हात लावायलाबी भिऊन राहिल्या होत्या."

बाई तिच्या पायांशी वाकायला गेल्या. मांड्यांनी साथ दिली नाही. मग त्यांनी कोमलचं डोकं छातीशी ओढलं आणि भर स्टँडवर, ओळखीची चार माणसं बघत असताना, "माझी माय गं" म्हणत मोकळेपणानं रडल्या.