सायलेन्सरकडची पिशवी

एकट्याने जाण्यात चष्मेवाल्यांचा फायदा किती होता, ते आधी मांडून टाकू. वाटेल तिथे थांबता येणार होतं, वाटेल तेवढा वेळ रस्त्याकडेला इंजिनाशी खुडबुड करता येणार होती. ‘हळू’, ‘किती हळू’, ‘झोप लागली का तुम्हाला’, यातलं काहीही पाठीमागून ऐकू येणार नव्हतं. शिवाय मागची अख्खी सीट सामानाला मोकळी. मोटारसायकलवरून लांब जाणाऱ्याला ती म्हणजे घरात जास्तीची खोली निघाल्यासारखी. काकूंचा फायदाही काही थोडाथोडका नव्हता. महिनाभर पलंगावर ओला टॉवेल नाही, पंखा आपल्याला हवा तेवढाच, आणि जेवताना समोर बसून ओळखीपाळखीच्या सगळ्यांच्या चष्म्यांना नावं ठेवणारं कुणी नाही.

म्हणजे दोघांच्याही नावावर नफाच. तोटा कुणाच्याच नाही. असा व्यवहार समोर आला की मला शंका येते. तोटा असतोच, कुणीतरी त्यावर पाट टाकून बसलेलं असतं.

चष्मेवाल्यांची उमेदीची सगळी वर्षं ‘वरची ओळ वाचा, आता खालची’ असं म्हणण्यात गेली. दुकान जावयाच्या हाती दिल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते जुनी मोटारसायकल पुन्हा उभी करण्याचं. जाणार होते डोंगरापलीकडच्या तळ्यापर्यंत. लग्नानंतरची पहिली काही वर्षं दोघं दर सुट्टीला जायचे तोच रस्ता, तीच खिंड, तेच तळं. फक्त या वेळी एकट्याने. कारण शेवटच्या खेपेला घराच्या दारात उतरल्या उतरल्या काकू म्हणाल्या होत्या, “आता पुरे. मी या गाडीवर परत बसणार नाही.” चष्मेवाल्यांनी तेव्हा त्याचा अर्थ लावला, लेक होणार म्हणून. मग लेक लहान म्हणून. मग कंबर, मग गुडघे. कारणं वयाप्रमाणे बदलत गेली. खरं कारण विचारायचं मात्र राहून गेलं.

बॅगवाल्याचं दुकान म्हणजे पूर्वीचा ताडपत्री शिवण्याचा कारखाना. अजूनही आत शिरलं की मेणाचा आणि नव्या रबराचा वास येतो. मधोमध इंजिन नसलेली एक मोटारसायकल उभी असते. गिऱ्हाइकाने तिच्यावर बसायचं, आणि बॅगवाल्याने मागे एकेक बॅग बांधून दाखवायची.

“काका, आधी एक सांगा,” बॅगवाला म्हणाला. “एकटे की दोघं?”

“का? तिकीट फाडणार आहेस?”

“सगळं त्यावरच आहे. एकटे असाल तर ही वळकटीसारखी बॅग मागच्या सीटवर आडवी टाकायची. थेंबभर पाणी आत जाणार नाही. दोन पट्टे आवळले की विषय संपला. दोघं असाल तर सीट गेली. मग दोन बाजूंना दोन पेट्या आणि मागे टेकायला उशी असलेली तिसरी. एकट्याने तीन पेट्या लावल्यात तर लोक पार्सल आलं म्हणून सही करायला धावतील.”

“पेट्या दाखव. नुसत्या बघायला.”

पेट्या लागल्या. चष्मेवाल्यांनी मागे वळून तिसरीची उशी तळव्याने दाबली, पुन्हा दाबली.

“पाठीला टोचणार नाही ना?”

“कुणाच्या?”

“कुणाच्याही.”

बॅगवाल्याने मान खाली घालून पट्टा आवळला. गिऱ्हाईक खोटं बोलत असलं की त्याला पट्ट्यात फार काम असतं.

“ही उजवी का लहान?”

“त्या बाजूला सायलेन्सर आहे ना. कापूनच बनवावी लागते. तापते पण ती जरा.”

“तापते,” चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम पंचविशीत गेला. “आमच्या हिचे मोजे उजव्या पिशवीतून कायम गरम निघायचे. तळ्यावर पोचलं की आधी मोजे काढायची आणि गालाला लावायची.”

मग बॅगवाल्याला ऐकावंच लागलं. तेव्हा पेट्या कुठल्या. जुन्या तंबूच्या कापडाच्या दोन पिशव्या होत्या, काकूंनी हाताने शिवलेल्या, सीटवरून पट्टा टाकून दोन्हीकडे लोंबणाऱ्या. डावी त्यांची, उजवी काकूंची. गाडी एका बाजूला ओढू नये म्हणून निघण्याआधी दाराच्या चौकटीला स्प्रिंगचा काटा अडकवायचा, दोन्ही पिशव्या त्याला टांगून बघायच्या. ज्याची जास्त भरेल त्याने काहीतरी काढायचं. नियम चष्मेवाल्यांचा. चष्म्याची दोन्ही भिंगं तोलून मापून बसवणारा माणूस, त्याला दोन बाजूंत फरक खपत नसे.

“आणि जास्त कुणाची भरायची?”

“हिचीच. नेहमी. बायकांचं सामान.” ते हसले. “एकदा तर हिने स्वेटरच घरी ठेवला. खिंडीत अशी काकडली की विचारू नकोस. एवढं साधं कळत नाही माणसाला?”

ही गोष्ट त्यांच्या घरी जेवायला येऊन गेलेल्या प्रत्येकाने ऐकलेली आहे. गोष्ट इथवर आली की काकू पाहुण्याला वाढायला घेत. पाहुण्याला वाटे, काय आग्रह आहे.

“घरी एकदा सगळं भरून बघा,” बॅगवाला म्हणाला. “किती सामान होतंय ते कळलं की माप ठरेल. आणि एकटे की दोघं, तेही.”

संध्याकाळी चष्मेवाल्यांनी विषय काढला, वर्तमानपत्राच्या आडून.

“बॅगा बघून आलो.”

“बरं.”

“ती मोठी मागच्या सीटवर बसते म्हणे.”

“बसू दे की. ती काही बोलणार नाही.”

“तसं नाही. तुला यायचं असेल तर...”

“मी म्हटलं का, यायचंय?”

“नाही म्हटलंस.”

“मग झालं तर.”

माडीवर राहणारी लेक जिन्यातून हे ऐकत होती. ती नवऱ्याला म्हणाली, “हे दोघं एकमेकांना एक सरळ प्रश्न विचारतील तेव्हा मी पेढे वाटेन.” नवरा म्हणाला, “मग पेढ्यांची काळजी नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाल्यांनी माळ्यावरून त्या जुन्या पिशव्या काढल्या. नव्या पेट्यांचं माप घ्यायला जुन्या पिशव्या कशाला, असं कुणीही विचारलं असतं. काकूंनी विचारलं नाही. त्या आतल्या खोलीत घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. उजव्या पिशवीच्या खालच्या कडेला कापड तपकिरी होऊन कडक झालं होतं. चष्मेवाले ती कड नाकाशी धरून उभे राहिले. वास कधीच उडाला होता, तरी राहिले.

मग त्यांनी भरायला घेतलं. हात आपोआप चालत होते. शर्ट, पँट, दाढीचं सामान, कॅमेरा डावीत. बाकीचं उजवीत. पट्टे बांधले. काटा चौकटीला अडकवला, डावी टांगली, बघितली, उतरवली. उजवी टांगली. काटा सरसरत खाली गेला.

“तुझीच जड आहे,” ते मोठ्याने म्हणाले. “काढ काहीतरी.”

आतल्या खोलीत शेंगांचा आवाज थांबला.

चष्मेवाले पिशवीकडे बघत राहिले. यात तिचं होतं काय? ती तर येतही नव्हती. त्यांनी पिशवी खाली घेतली, उघडली, एकेक वस्तू फरशीवर मांडली. पंक्चरचं सामान. हवा भरायचा पंप. स्टोव्ह. औषधांचा डबा. टॉर्च. दोरी. नट आवळायचे पाने. त्यांचाच रेनकोट. तिचा एक रुमालदेखील आत गेलेला नव्हता आणि तरी तिची जड भरली होती. पंप उजवीत घालताना क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. तो तिथेच जायचा. सगळं दोघांचं तिथेच जायचं, आणि त्यावर मग ती आपले कपडे ठेवायची. आणि मग ते म्हणायचे, नियम म्हणजे नियम.

ते फरशीवर बसले. 

“अगं,” त्यांनी आत हाक मारली. “तो निळा स्वेटर. खिंडीच्या वेळचा. तो तू विसरली नव्हतीस ना?”

आतून उत्तर आलं. आवाज अगदी रोजचा होता. “खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता. दाराजवळच्या. तुमच्या समोरच.”

“मी काढायला लावला.”

“काट्याने लावला.”

“काटा काय करतो बिचारा.”

“तेही खरं. पंप होता त्यात. आणि तो मेला स्टोव्ह, जन्मात एकदा पेटलेला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला तो नियम इतका आवडला होता.” शेंगा पुन्हा मोडू लागल्या. “आणि खिंडीत तुम्ही म्हणालात, साधं कळत नाही का. म्हटलं, कळतंय की. म्हणूनच आता पुरे.”

चष्मेवाले उठून दारात आले. हातात पंप तसाच होता. त्यांनी आयुष्यभर ‘तुला यायचं असेल तर’ म्हटलं होतं, ‘तुझ्या गुडघ्यांना झेपलं तर’ म्हटलं होतं, लेकीकरवी विचारून पाहिलं होतं.

“येतेस का?” ते म्हणाले.

काकूंनी शेंगेची शीर ओढून काढली. “बाजू कोणती?”

“डावी. मोठी.”

“पंप?”

“माझ्यात.”

“आणि स्टोव्ह?”

इथे चष्मेवाल्यांना वेळ लागला. माणसाला स्टोव्ह सोडवत नाही.

“घरी,” ते म्हणाले.

“बघते,” काकू म्हणाल्या. त्यांच्या तोंडचं ‘बघते’ म्हणजे काय, हे चष्मेवाल्यांना त्या दिवशी कळलं असावं, कारण त्यांनी लगेच स्टोव्ह माळ्यावर नेऊन ठेवला.

दुकानात बॅगवाल्याने दोघांना येताना पाहिलं आणि काही न विचारता पेट्या काढल्या. काकू इंजिन नसलेल्या गाडीवर मागे बसल्या, टेकल्या, डावीकडे उजवीकडे पाठ घासून पाहिली.

“टोचत नाही,” असा निकाल दिला. मग म्हणाल्या, “काय हो, या दोन पेट्यांचं वजन अगदी सारखं लागतं का?”

“छे हो काकू. थोडं इकडेतिकडे चालतं. गाडी म्हणजे काय सोनाराचा तराजू आहे?”

“म्हणजे एखाद्या स्वेटरने काही होत नाही?”

“स्वेटरने? तुम्ही नुसत्या मान वळवून डोंगर बघायला लागलात तरी त्याहून जास्त फरक पडेल.”

काकूंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. चष्मेवाल्यांना एका बकलमध्ये काहीतरी दोष सापडला होता आणि ते तो अगदी जवळून तपासत होते. बॅगवाल्याला काय घडलं ते कळलं नाही. त्याने रंग विचारला. काकू म्हणाल्या, “धूळ दिसणार नाही असा.”

निघायच्या सकाळी काटा चौकटीला अडकवलाच. या वेळी काकूंनी अडकवला. डावी पेटी टांगली, उतरवली. मग उजवी, कापलेली, लहान, पंपाने आणि पान्यांनी आणि दोघांच्या रेनकोटांनी ठासलेली. काटा सरसरत खाली गेला. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.  लेक जिन्यात तोंडावर ओढणी धरून उभी होती.

चष्मेवाल्यांनी कॅमेऱ्याची तीन पायांची तिकाटणी काढली. काटा हलला, पुरेसा नाही. जास्तीचे बूट काढले. अजून नाही. मग त्यांनी आपला जाडजूड स्वेटर काढला आणि दाराजवळच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. ती खुर्ची नवी आहे, पण जागा तीच.

काकूंनी स्वेटर उचलला आणि आपल्या पेटीत कोंबून झाकण बंद केलं.

“आता तुझी जड झाली,” चष्मेवाले म्हणाले.

“मान वळवीन मी,” काकू म्हणाल्या.

आता शेवटचा ताळा. स्टोव्ह, तिकाटणी आणि बूट हे चष्मेवाल्यांच्या नावावर. पाहुण्यांना सांगायची एक हमखास गोष्ट गेली, तीही त्यांच्याच नावावर. लेकीचे पेढे लेकीच्या नावावर. तिने ते खरोखर वाटले. राहिली खिंडीतली थंडी. मागच्या खेपेला ती सगळीच्या सगळी काकूंनी सोसली होती. या खेपेला चष्मेवाल्यांचा स्वेटर काकूंच्या पेटीत होता, पण मागितल्याशिवाय द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि चष्मेवाल्यांना मागायला अर्धा घाट लागला. अर्धी थंडी त्यांनी भरली. उरलेली अर्धी काकूंनी सोडून दिली.