दुसरं पान

मॅडमनी आयोगाची खुर्ची सोडली आणि देशाच्या संसदेसाठी उभ्या राहिल्या, तेव्हा कचेरीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घंटावालीनेही वाजवल्या. वाजवायच्या नव्हत्या, पण अकरा वर्षांची सवय. समोर मॅडम असल्या की तिचे हात तिला न विचारताच कामाला लागत.

मॅडम मूळच्या इंजिनिअर. मग वीज नियामक आयोगाच्या सदस्य झाल्या आणि पुढे अध्यक्ष. वीज कंपनीने ग्राहकाशी कसं वागायचं, कुणाची वीज कधी तोडायची, हे सगळं राज्यात त्यांच्या सहीने ठरायचं. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत आणि वेळेच्या महापक्क्या. जाहीर सुनावणीत प्रत्येक ग्राहकाला बोलायला तीन मिनिटं. तीन म्हणजे तीन. मॅडमनी मान किंचित हलवली की टेबलावरची पितळी घंटा दाबायची, आणि घंटेनंतर बोललेलं एक अक्षरही नोंदीत घ्यायचं नाही. ती दाबायचं काम हिचं, म्हणून हिचं नाव घंटावाली. कंपनीचे वकील मात्र दुपार दुपार दळण दळायचे. त्यांना घंटा नव्हती. ते म्हणे पक्षकार, आणि ग्राहक नुसते आक्षेपक.

आणि आता चौकाचौकात फलक लागले होते. मॅडमचा हसरा फोटो आणि खाली चार बोटं उंचीची अक्षरं, ‘प्रत्येकाचं ऐकणारी’. वाचून घंटावालीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तरी ती मूग गिळून होती. पेन्शनला सहा वर्षं उरलेली, सरकारी नोकर, निवडणुकीत तोंड उघडायची सोय नाही.

मग एका सकाळी प्रचारप्रमुख कचेरीत आला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं.

“ताई, एक छोटंसं काम होतं,” तो म्हणाला.

ताई म्हणाला म्हणूनच ती आधी बिथरली. तिला ताई म्हणणारा एकच माणूस होता, तिचा धाकटा भाऊ, आणि तो तीन वर्षांत तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

प्रचारप्रमुखाने एक पत्रक पुढे सरकवलं. छापायच्या आधीचा नमुना. त्यात एक चौकट होती. ‘मॅडमच्या दरबारात लहान-मोठा भेद नव्हता. त्यांच्याच कचेरीतल्या घंटावालीचा भाऊ, साधा बसचालक, सुनावणीत उभा राहिला. आयोगाच्या नोंदी सांगतात, त्याने आयोगाचे आभार मानले.’

“खोटं काही नाही,” तो म्हणाला. “नोंदीतून शब्दशः घेतलंय. आणि रविवारी सभागृहात मतदारांशी थेट संवाद आहे. प्रत्येकाला तीन मिनिटं. मॅडम म्हणाल्या, घंटेला आपलीच बाई बोलवा, तिचा हात बसलेला आहे.”

हात बसलेला आहे. घंटावालीने पत्रकाची घडी घातली आणि फक्त “येते” म्हणाली. 

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तोवर नियम असा होता, की घरात मशिनवर जगणारा रुग्ण असेल तर कुठल्याही कारणाने वीज तोडायच्या आधी कंपनीच्या माणसाने दार वाजवायचं, हातात कागद द्यायचा, सही घ्यायची. कंपनीला ती कटकट नको होती. त्यांना फोनवर निरोप धाडायचा होता आणि कचेरीत बसून बटन दाबून वीज बंद करायची होती. त्यावर सुनावणी लागली. घंटावालीची आई भावाकडे होती, श्वासाच्या मशिनवर. भाऊ म्हणाला, मी बोलणार. आयुष्यात कधी चारचौघांत न बोललेला माणूस. तीन रविवार बसून त्याने दोन पानं लिहिली आणि ताईला वाचून दाखवली. ताई म्हणाली, छान लिहिलंस.

सुनावणीत त्याचा नंबर सतरावा होता. पहिल्या पानावर नुसती अदब. आदरणीय अध्यक्ष महोदया, मी एक सामान्य चालक, आपण संधी दिलीत याबद्दल मी आयोगाचा आभारी आहे, माझ्या बोलण्यात चूकभूल झाली तर क्षमा असावी. अडखळत, थांबत, घाम पुसत त्याने ते वाचलं. पान उलटलं. मॅडमची मान हलली आणि घंटावालीने घंटा दाबली.

भावाने तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, नुसतं पाहिलं. मग दोन्ही पानं तिथेच ठेवून तो खाली उतरला. पानं तिने उचलली आणि आपल्या खणात ठेवली. नोंदीत लिहिलं गेलं, ‘आक्षेपक क्रमांक सतरा यांनी आयोगाचे आभार मानले. अन्य मुद्दा उपस्थित केला नाही.’

नियम बदलला. आठ महिन्यांनी कंपनीने सगळ्या ग्राहकांना निरोप धाडला, आपलं नाव कळवून खात्री करा, नाहीतर जोडणी बंद होईल. भावाच्या घरची जोडणी वडिलांच्या नावावर होती आणि निरोप वडिलांच्या नंबरावर गेला. वडील जाऊन चार वर्षं झालेली, तो नंबरही बंद. मंगळवारी सकाळी सव्वाअकराला कुणीतरी कुठेतरी बसून बटन दाबलं. भाऊ बसवर होता. वहिनी आईचीच औषधं आणायला गेली होती. मशिनची बॅटरी चाळीस मिनिटं चालली. वहिनी पंचावन्न मिनिटांनी परतली.

तेव्हा मॅडमनी घंटावालीला स्वतः खुर्ची दिली होती, पाणी मागवलं होतं. फाइल उघडून ‘अन्य मुद्दा उपस्थित केला नाही’ ही ओळ दाखवली होती. “हे कुणी वेळीच माझ्या लक्षात आणून दिलं असतं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या होत्या, “तर मी हा नियम केलाच नसता.” आणि घंटावाली, करंटी, त्यांना “हो मॅडम” म्हणाली होती. कारण घरी भाऊ वाचून दाखवत होता तेव्हा तिने अर्धंच ऐकलं होतं, आणि दुसरं पान खणात असूनही तोवर वाचायची हिंमत केली नव्हती. त्या संध्याकाळी वाचलं. त्यात तेच लिहिलं होतं, जोडण्या गेलेल्या माणसांच्या नावावर असतात, निरोप बंद फोनवर जातील. अकरा ओळी.

ते पान तिने भावाला कधी परत केलं नाही. लाज वाटली. आता पत्रक आणि दोन्ही पानं पिशवीत घालून ती त्याच्याकडे गेली. दार वहिनीने उघडलं, पाणी दिलं. भाऊ जेवणाच्या टेबलाशी बसून ड्यूटीचा तक्ता बघत होता. घंटावालीने पत्रक त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. त्याची मान लाल झाली.

“तुझं नाव वापरून मतं मागतायत,” ती म्हणाली. “आईच्या मरणावर आभाराचा शिक्का मारतायत. ही तुझी पानं. मी ठेवली होती.”

भावाने पानं घेतली आणि आतल्या खोलीत गेला. वहिनी म्हणाली, “चहा टाकते.” घंटावाली म्हणाली, “नको.”

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. खुर्च्याखुर्च्यांवर ते पत्रक. मंचावर मॅडम, शेजारी प्रचारप्रमुख, आणि कडेच्या छोट्या टेबलाशी घंटावाली. घंटा तीच, कचेरीतली. सामानाच्या वहीत सही करून आणलेली. लोक येत होते, बोलत होते, मॅडम मान हलवत होत्या, घंटा वाजत होती. नवव्या नंबरला भाऊ माइकपाशी आला. अंगावर चालकाचा गणवेश, हातात पिवळी पडलेली दोन पानं.

“त्या दिवशी लिहिलं होतं तसंच वाचतो,” तो म्हणाला आणि पहिल्या पानापासून सुरू झाला. आदरणीय अध्यक्ष महोदया, मी एक सामान्य चालक.

अरे, सोड ते, दुसरं वाच, घंटावाली मनात म्हणत होती. पण तो एक शब्द गाळेना. आभारही वाचले, क्षमाही वाचली, आणि तितकाच अडखळत. तीन मिनिटं झाली तेव्हा त्याने पान उलटलं.

मॅडमची मान हलली. घंटावालीचा हात उठला. खरंच उठला, मेला, इतकं सगळं होऊनही. तो तिने दुसऱ्या हाताने धरला आणि घंटा उचलून मांडीवर घेतली.

मॅडमनी पुन्हा पाहिलं. प्रचारप्रमुख तिच्याकडे वाकला. “ताई, वेळ झाली. द्या इकडे.”

“घंटा माझ्या सहीवर आलीय,” ती म्हणाली. “हात लावू नका.”

“नोकरीचं बघा जरा.”

“बघितलं.”

भाऊ वाचत होता. आता तो अडखळत नव्हता. अकरा ओळी संपल्या आणि त्याने तारीख वाचली, तीन वर्षांपूर्वीची. मग म्हणाला, “आई गेली ती यानंतर आठ महिन्यांनी.”

मॅडमनी माइक जवळ घेतला. आवाज तसाच, हळू. “मला अतिशय दुःख आहे. हे त्या वेळी कुणी माझ्या लक्षात आणून दिलं असतं तर…”

“आणत होता,” घंटावाली उभी राहून म्हणाली. तिला माइक नव्हता आणि लागलाही नाही. “तुम्ही मान हलवलीत आणि मी घंटा दाबली. आत्ता वाचलं ते उरलेलं पान. एक मिनिट दहा सेकंद लागले. मी मोजले, मला तेवढंच येतं. वकिलांना दुपार दिलीत, मॅडम, याला एक मिनिट दहा सेकंद नव्हते तुमच्यापाशी. वर आभार छापता?”

मागून एक म्हातारा उठला, त्याने हातातलं पत्रक फाडलं आणि बाहेर चालू लागला. मग खुर्च्या सरकायचे आवाज सुरू झाले.

बाहेर भाऊ फाटकापाशी उभा होता. घंटावाली पिशवीत घंटा घेऊन आली. हलकं वाटत होतं तिला, खरं सांगायचं तर जिंकल्यासारखंही.

“ताई,” तो म्हणाला.

तीन वर्षांनी ऐकलेला तो शब्द. तिचे डोळे भरून आले.

“मी तुला घरी वाचून दाखवलं होतं,” भाऊ म्हणाला. “तीन मिनिटं म्हणजे किती, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पहिलं पान सोड, एवढं का नाही सांगितलंस?”

याच प्रश्नाला ती तीन वर्षं भीत होती. थाप मारता आली असती. तिने मारली नाही.

“मला वाटलं, माझा भाऊ म्हटल्यावर मॅडम मान हलवणार नाहीत. तुला पुरं बोलू देतील.”



“म्हणजे तीन मिनिटं बाकीच्यांसाठी होती,” तो म्हणाला.

ती हो म्हणाली.