कोपऱ्यावरचा भाजीवाला

बाबा कामावरून आले की चपला दाराबाहेर काढायचे आणि थेट न्हाणीघरात शिरायचे. अंघोळ झाल्यावरही मुलांना जवळ घेण्याआधी स्वतःचा तळहात हुंगून बघायचे. सगळ्या शहराचं सांडपाणी जिथे जमतं, त्या केंद्रात त्यांनी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. पण त्या पाण्याचा विषय घरात काढलेला त्यांना कधी खपला नाही.

त्यामुळे थोरल्या लेकीने केंद्राच्या भिंतीलगत भाजीचे वाफे घेतले, तेव्हा बरेच दिवस ते तिच्याशी ताटात मीठ मागण्यापुरतंच बोलले.

थोरली शिवणकाम करायची. नवरा गेल्यापासून बाबांकडेच राहत होती. परदेशी नोकरीला गेलेल्या भावाची बायकोही त्याच घरात. शहरात पाऊस नावाला पडायचा. प्यायचं पाणीच टँकरने यायचं, तिथे भाजीला कोण पाणी देणार? केंद्रात शुद्ध झालेलं पाणी जांभळ्या नळीतून वाफ्यापर्यंत यायचं आणि थेंबथेंब मुळाशी पडायचं. फळाला ते लागू द्यायचं नाही, हा तिथला नियम. पाणी खारट, म्हणून मातीवर पांढरी साय धरायची. थोरली ती खुरप्याने अशी हलक्या हाताने खरवडायची, की बघणाऱ्याला वाटावं ही कुणाचं तरी तोंड पुसतेय.

"आयुष्यभर ते पाणी मी उंबऱ्याबाहेर ठेवलं," बाबा म्हणाले. "आणि तू ते ताटात वाढणार?"

"बाबा, आता नवीन यंत्रं आलीत. दर आठवड्याला तपासणी होते."

"माझ्या वेळीही व्हायची. तपासणारा चहा पिऊन जायचा."

पहिले टोमॅटो पिकले, तेव्हा थोरलीला राहवलं नाही. तिने फोडी केल्या, वर मीठ भुरभुरलं आणि बाबांच्या ताटात ठेवल्या. त्यांनी एक खाल्ली. मग दुसरी. मग खाणं थांबवून विचारलं, "कुठले गं हे?"

"कोपऱ्यावर एक नवीन भाजीवाला बसतो," ती म्हणाली.

शेजारी भावजयीला ठसका लागला.

बाबांनी ताट चाटूनपुसून साफ केलं. "याला म्हणतात टोमॅटो. तुमच्या त्या गटारावरच्या शेतीत पिकेल का असा?"

एवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण बाबांना माणसांची फार हौस. पाय दुखत असल्याने खाली उतरणं बंद झालं होतं, म्हणून ते बसल्या जागी चौकशा करायचे. भाजीवाला वयाने केवढा? स्वतः पिकवतो का? घरी कोण कोण? थोरलीने त्याला म्हातारा केला, जरासा पाय ओढत चालायला लावला. पुढे तर दोघी स्वयंपाकघरात उजळणी करू लागल्या.

"ताई, काल मी त्याला नातू दिलाय. लक्षात असू द्या."

"अगं, आधी मुलीचं लग्न तरी लावायचंस."

हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण बाहेर बाबा वांग्याची तारीफ करू लागले की थोरलीचं हसू विरायचं. कौतुक तिचंच, पत्ता मात्र दुसऱ्याचा. सांगावंसं तिला रोज वाटायचं. मग वाटायचं, जेवतायत बरे, जेवू देत.

अशातच वाफ्यांच्या जागेवर गाड्या उभ्या करायची टूम निघाली. आजूबाजूच्या इमारतींतले लोक दोन्ही बाजूंनी भांडू लागले, आणि पालिकेने सभा बोलावली. पाणी चांगलं असल्याचा अहवाल साहेबांनी वाचून दाखवला. कुणी ऐकलं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "त्या केंद्रातल्या जुन्या माणसालाच विचारा ना. ते सांगतील ते आम्हाला मान्य."

बाबांना खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

"पाण्याचं मी आता सांगू शकत नाही," ते म्हणाले. "माझ्या वेळचं चांगलं नव्हतं. आज असेलही. पण खायचं विचाराल, तर तिथलं मी खात नाही. आमच्या कोपऱ्यावर एक भाजीवाला बसतो. पायाने अधू, पण माल काय काढतो. चांगल्या पाण्याची चव लपत नाही हो. ही माझी मुलगी, हीच आणते. विचारा हिला."

सगळ्यांनी वळून पाहिलं. भावजयीने तिचा पदर ओढला. "ताई, सांगा. आता नाही तर कधी?"

थोरली उठून उभी राहिली. शेजारचे वाफे कसणाऱ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, त्याच तर तिला हसत विचारायच्या, तुझा भाजीवाला बरा आहे ना. आणि समोर बाबा बसले होते, इतक्या वर्षांनी चारचौघांत कुणी मत विचारलं म्हणून ताठ.

"तुम्ही भाजी बाजारातून आणता?" साहेबांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

वाफे गेले. त्यांवर खडी पडली. जांभळ्या नळ्या गुंडाळून कुठेतरी टाकल्या. आता ते पाणी भिंतीपलीकडे वाळूत सोडून देतात. वाफेवाल्या बायका वाटेत भेटल्या तर बोलतात, पण थांबत नाहीत.

थोरली खरोखरच बाजारात जाऊ लागली. पहिल्याच दिवशी बाबांनी फोड तोंडात घातली आणि ताट जरासं पुढे सरकवलं.

"हे त्याचे नाहीत."

"नाही."

"आजारी आहे का?"

भावजय पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली. थोरली मशीनवर बसली होती. पायडलवरचा पाय तिथेच थांबला.

"बसत नाही तो आता," ती म्हणाली. "जमीन गेली त्याची."

बाबांनी ताट पुन्हा जवळ ओढलं.

"अरेरे," ते म्हणाले. "पाणी नसेल मिळालं बिचाऱ्याला."