एका मापाचे खण

दवाखान्याचा डेटाबेस सांभाळणारा तो गडी भलताच नीटनेटका. रुग्णांच्या बोटांचे ठसे टेबलात कसेही पडलेले, कुणाचा लहान, कुणाचा मोठा, हे त्याच्या डोळ्यांत खुपायचं. मग त्याने सगळ्या ठशांना एकाच मापाचे खण करून दिले. माप घेतलं कुठून? तर ऑफिसातल्या सहकाऱ्यांच्या, जन्मभर कीबोर्डवर चाललेल्या मऊ बोटांवरून! डेटा हलवताना स्क्रीनवर सारखे इशारे यायला लागले, तेव्हा कटकट नको म्हणून त्याने तेही बंद केले. निम्मी जागा वाचली. जुनं टेबल त्याने पुसून टाकलं, बॅकअपसकट.

आणि आज सकाळी औषधाच्या खिडकीपुढे रांग तुंबली. चिरा पडलेल्या, भाजलेल्या, राबलेल्या बोटांवर टिपायच्या खुणा जास्त, म्हणून त्यांचे ठसे मोठे भरतात. खणात न मावलेलं शेपूट छाटलं गेलं होतं. ठसा जुळल्याशिवाय फाइल उघडत नव्हती आणि फाइलशिवाय औषध मिळत नव्हतं.

"अहो, काहीतरी करा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

काय करणार, कपाळ! छाटलेलं आता कुठेच उरलं नव्हतं.

रांगेत सगळ्यांत पुढे त्याची मावशी उभी होती. लोकांची धुणी धुऊन तिनेच त्याला कॉलेजपर्यंत शिकवलं होतं. यंत्राने तिला पुन्हा नाकारलं, तशी ती ओशाळली. बोट कपड्याला पुसत त्याला म्हणाली, "माझंच मेलं बोट खराब झालंय रे. थांब हं, घासून धुऊन येते."