राक्षसीण बोलत नाही

"छाप पाच? सगळ्यांत खालचा आकडा तू छापमध्ये टाकलास?" पंत इतक्या जोरात ओरडला की टेबलावरचे फासे हलले. "दादा, डोकं ठिकाणावर आहे ना?"

दादा पेन्सिलीला टोक करत बसला.

थांबा, नीट सांगते, नाहीतर मला एवढं कशाचं लागलं ते तुम्हाला कळायचं नाही. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, पण पंत आणि दातवालाही त्याला दादाच म्हणतात, आणि मला शेंडेफळ. पंतच्या बाबांचं फर्निचरचं दुकान आहे. रविवारी ते बंद असतं, मग मागच्या खोलीत आम्ही चौघं खेळतो. टेबल दर वेळी वेगळं, कारण आधीचं विकलं गेलेलं असतं. दातवाला दातांच्या डॉक्टरकीला आहे, आणि समोर कोणी जांभई दिली की हा आत डोकावतो. खेळ काय, तर प्रत्येकाने एक पात्र बनवायचं, जादूगार म्हणा, चोर म्हणा, बुटका योद्धा म्हणा, आणि पंत आपल्याला त्याच्या मनातल्या राज्यातून हिंडवतो. राजे, पहारेकरी, ड्रॅगन, सगळं पंतच. पात्र बनवताना फासे टाकायचे आणि पडलेले आकडे वाटून द्यायचे. बळाला किती, अकलेला किती, असं. त्यात एक छाप. छाप म्हणजे गोड बोलून समोरच्याला खिशात टाकायची ताकद.

आणि आमच्यात छापवाला एकच, दादा. दर खेळात तो कुठला तरी भाट नाहीतर वकील असायचा. आम्ही राजाच्या बागेतून काहीतरी चोरायचं, पकडलं जायचं, आणि दादाने पुढे होऊन "महाराज, पोरं अजाण आहेत" करायचं. दातवाल्याने एकदा ड्रॅगनची शेपटी कापली होती. त्या ड्रॅगनचीही समजूत दादानेच काढली!

"अरे, मग आपल्या वतीने बोलणार कोण?" दातवाला म्हणाला. "मी? मी तोंड उघडलं की पंत मला तुरुंगात टाकतो."

"कारण तू राणीला अक्कलदाढ दाखव म्हणालास," पंत म्हणाला. "बरं, दादा, पात्र तरी काय आहे?"

"राक्षसीण," दादा म्हणाला. "एका किल्ल्याच्या दारात उभी असते."

"आणि?"

"बोलत नाही."

"मुकी आहे?"

"मुकी नाही. बोलत नाही."

पंतने हातातलं पेन टेबलावर टाकलं. "हे नाही चालायचं. आपली रीत काय आहे?"

रीत अशी, की नवीन पात्राला टेबलावरच्या प्रत्येकाने एकेक प्रश्न विचारायचा, आणि त्याने पात्र होऊन, पात्राच्या आवाजात उत्तर द्यायचं. तिन्ही उत्तरं आली की पात्र जिवंत, नाहीतर कागद फाडायचा आणि नवं पात्र बनवायचं. ही रीत काढली कोणी? दादानेच. मी पहिल्यांदा खेळायला आले तेव्हा लाजून काही बोलेचना, म्हणून.

"राक्षसीणबाई," पंतने राजाचा आवाज लावला, "कोण तू, आणि माझ्या वाटेत का उभी आहेस?"

दादा त्याच्याकडे बघत राहिला. रागाने नाही हं, नुसता बघत राहिला.

"आ करा बघू," दातवाला पुढे वाकला. "दुखतंय कुठे?"

दादाने ओठ मिटून घेतले. दातवाला हसला, मग त्याला हसू आवरतं घ्यावं लागलं, कारण बाकी कोणीच हसत नव्हतं.

"दोन प्रश्न फुकट," पंत वैतागला. "दादा, यार, आठवडाभर आम्ही वाट बघतो. तू मजा घालवतोयस. तुझं कामच बोलायचं आहे, तुला काय जड आहे दोन वाक्यं बोलायला? चल, शेंडेफळ, तुझा प्रश्न. मग फाडतो कागद."

आणि त्याने खरंच कागदाला हात घातला. तुझं कामच बोलायचं आहे! माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू! मी तो कागद त्याच्या हातातून ओढला.

"तुला माहितीये त्याचं काम काय आहे?" मी म्हटलं.

"लिफ्ट कंपनीत. फोनवर."

"फोनवर काय?"

"अगं, राहू दे," दादा म्हणाला.

"नाही राहू देणार! दिवसभर माफी मागायची, हे काम आहे त्याचं. लिफ्ट कोणाची बिघडली, दुरुस्तीला माणूस कोणी पाठवला नाही, शिव्या कोण खातंय? हा! आणि नियम काय, तर माफी कितीही मागा, पण चूक कंपनीची आहे असं चुकूनही म्हणायचं नाही."

"अगं..."

"एक आजी अडकल्या होत्या लिफ्टमध्ये. एकट्याच, अंधारात. रडत होत्या, देवाचं नाव घेत होत्या. हा त्यांना म्हणाला, आजी, खरं सांगतो, तुमच्या इमारतीची तक्रार कधीची येऊन पडली आहे, आम्हीच माणूस पाठवला नाही. आता निघालाय तो. तोवर मी फोन ठेवत नाही. आणि नाही ठेवला! त्यांच्या गुडघ्याचं ऐकलं, सुनेचं ऐकलं, तरुणपणी त्या पोहायच्या ते ऐकलं. शेवटी शेवटी तर त्या हसत होत्या. दार उघडलं, सुखरूप बाहेर आल्या."

"मग चांगलंच झालं की," दातवाला म्हणाला.

"चांगलं? सुनेने कंपनीत फोन केला. तुमचाच माणूस म्हणतो चूक तुमची आहे, म्हणाली. झालं. साहेबाने याला सगळ्यांच्या मध्ये उभं केलं आणि माफी मागायला लावली. कोणाची, तर कंपनीची! आणि यावर कडी म्हणजे तो फोन रेकॉर्ड झाला होता. आता नवीन भरतीची पोरं आली की त्यांना तो ऐकवतात. असं बोलायचं नसतं, हे शिकवायला. हा शेजारी बसून काम करतो आणि पलीकडे याचाच आवाज चालू असतो, आजी, घाबरू नका, मी आहे."

दादाचे कान लाल झाले होते.

"तुला कोणी सांगितलं हे?" त्याने विचारलं.

"तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी. तू घरी कशाला सांगशील?"

"सांगून काय होणार? नोकरी आहे गं ती." मग म्हणाला, "पोरं चांगली आहेत. हसत नाहीत ऐकताना."

मला वाटलं टेबलच उलटं करावं. पोरं हसत नाहीत, यावर हा समाधानी!

पंतने घसा खाकरला. "दादा, सॉरी यार, मला खरंच..."

"ते नको," दादा पटकन म्हणाला. एरवी तो असं कोणाला तोडत नाही. "तो शब्द नको रे इथे. रविवारी नको."

दातवाल्याने टेबलाची कड नखाने खरवडायला घेतली, आणि ते टेबल विकायचं आहे हे माहीत असूनही पंत त्याला काही बोलला नाही.

"माझा प्रश्न राहिलाय," मी म्हटलं. कागद सरळ करून मी दादापुढे ठेवला. "राक्षसीणबाई, राजा येऊन म्हणाला माफी माग, तर?"

दादाने माझ्याकडे बघितलं. खुर्चीत ताठ झाला, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले, आणि बसून राहिला. बस, एवढंच.

पंतने बराच वेळ वाट पाहिली. मग पेन उचललं, कागदावर सही केली आणि म्हणाला, "उत्तर मिळालं. आली राक्षसीण."

सोंगट्या म्हणून आम्ही ड्रॉवरच्या मुठी वापरतो. त्यातली सगळ्यांत जाड मूठ पंतने शोधून आणली आणि नकाशावर किल्ल्याच्या दारात ठेवली. मग खेळ सुरू झाला, आणि काय सांगू, बोलायला दादा नाही म्हटल्यावर आमची पार दैना. दातवाल्याने पहारेकऱ्याला लाच म्हणून मंजन देऊ केलं. मी खोटं बोलायला गेले आणि आधीचं खोटं विसरले. शेवटी राजाचं अख्खं सैन्य आमच्या मागे लागलं, आम्ही पळत राक्षसिणीच्या किल्ल्यात शिरलो, आणि पंत टेबलावर हात आपटून ओरडायला लागला, "घोडे! भाले! सैन्य आलं, थेट दारापाशी आलं..."

आणि मध्येच थांबला.

दादा झोपला होता. ताठ बसलेलाच, हनुवटी छातीवर, तोंड किंचित उघडं. दातवाल्याने आत डोकावलं नाही.

"ए, उठवू का?" मी कुजबुजले. "त्याची पाळी आहे."

पंतने मानेनेच नको म्हटलं. मग तोही कुजबुजत पुढे सांगायला लागला. सैन्य दारापाशी आलं. सेनापतीने राक्षसिणीला बाजूला हो म्हटलं. ती हलली नाही.

"मग?" दातवाल्याने ओठ हलवून विचारलं.

पंतने राजाच्या सगळ्या मुठी दोन्ही हातांत गोळा केल्या, आवाज होऊ नये म्हणून एकेक उचलत, आणि दाराला लांबून वळसा घालून नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवल्या.