नऊ वाजताची सभा

“इतिवृत्तात जे झालं तेच लिहायचं, बाई. जे व्हायला हवं होतं ते नाही.” निवृत्त होताना जुन्या कुलसचिवांनी खुर्चीबरोबर एवढंच सोपवलं होतं.

आज सभागृहात बाईंना ते आठवत होतं, पण बोलता येत नव्हतं. रोज सकाळी दहापर्यंत त्यांचं मौन असे. सतरा वर्षांचा नेम, तापातही न मोडलेला. कुलगुरूंना तो ठाऊक होता. आजवर प्रत्येक सभा अकराला भरली. ही तेवढी नऊला लागली होती.

विषय एकच, विद्यापीठाचा पुढच्या पाच वर्षांचा आराखडा. पडद्यावर एक वर्तुळ उमटलं.

“नियमित विद्यार्थी अडतीस टक्के, इतर बासष्ट,” बाहेरून बोलावलेले सल्लागार म्हणाले. “आपली ओळख नियमितांमुळे आहे. म्हणून संध्याकाळचे वर्ग बंद.”

“बासष्ट टक्के इतर?” ग्रंथपाल पुटपुटले. “मग या घरात पाहुणे कोण, ते एकदा ठरवा.”

“विनोद नंतर,” कुलगुरू म्हणाले.

त्या ‘इतर’मध्ये एक बस चालवणारी होती. दोन मुलं, पहाटेची पाळी आणि पदवीचं शेवटचं वर्ष. गेल्या महिन्यात कार्यालयाच्या खिडकीशी येऊन तिने विचारलं होतं, “बाई, वर्ग राहतील ना?”

“ते माझ्या हातात नाही,” बाई म्हणाल्या होत्या. “पण तुमचं ऐकल्याशिवाय काही ठरू देणार नाही.”

नियमही तसाच होता. कुलसचिव धरून सगळ्या सभासदांची संमती असेल तर आराखडा जागच्या जागी मंजूर. एकाचाही विरोध असेल, तर पुढची सभा लावायची, तिथे आधी विद्यार्थ्यांचं ऐकायचं आणि मगच ठरवायचं.

“कुणाचा विरोध?” कुलगुरूंनी टेबलाभोवती नजर फिरवली. ग्रंथपालांनी चष्मा पुसायला काढला. बाईंनी हात वर केला.

“बाईंना पाणी हवंय,” कुलगुरू शिपायाला म्हणाले.

पेला समोर आला. हात वरच होता.

“विरोध नाही. एकमताने मंजूर.” घड्याळात नऊ चाळीस झाले होते.

साडेदहाला बाईंनी इतिवृत्त कुलगुरूंपुढे ठेवलं. त्यांनी एक ओळ मोठ्याने वाचली, “‘कुलसचिवांनी विरोधासाठी हात वर केला. त्यांना पाणी देण्यात आले.’ हे काय आहे?”

“झालं ते, सर.”

“खोडा. ‘एकमताने’ लिहा. तुम्ही एक शब्द तरी बोललात का?”

“नाही बोलले. म्हणून बोलले असं लिहिलेलं नाही.”

“एवढी देवाधर्माची माणसं तुम्ही. देव भांडायला सांगतो?”

“खोटं लिहू नकोस, एवढंच सांगतो. भांडण माझं मी करते.” बाईंचा आवाज नेहमीइतकाच हळू होता.

“मग दुसऱ्याकडून लिहून घेतो.”

“घ्या. खाली सही माझी लागते. ती मिळायची नाही.”

दाराशी ग्रंथपाल कधीचे उभे होते. “हात मीही पाहिला, सर,” ते म्हणाले. “चष्मा पुसून झाल्यावर.”

कुलगुरूंनी कागद बाजूला सारला. “पुढची सभा किती वाजता लावताय?”

“संध्याकाळी साडेसहाला. इतरांना जमेल अशी.”

बाईंनी सूचना टंकून घेतली, सही केली, एक प्रत फलकावर लावली. दुसरीची घडी करून पिशवीत ठेवली. बस चालवणारीची पाळी दोनला सुटायची. बाईंनी चपला घातल्या आणि आगाराच्या रस्त्याला लागल्या.